मॉडेल रेल्वेचा फोटो काढताना मोबाइल उलटा धरा

उभ्याने वरून फोटो काढला की दूधसागरचा घाटसुद्धा टेबलावरचं खेळणं वाटतो. एचओ मापात, म्हणजे १:८७ ला, पावणेसहा फुटी माणूस जेमतेम २ सेंटिमीटरचा होतो. कुळेच्या फलाटावरून गाडी त्याला जशी दिसेल तशीच ती फोटोत यायला हवी. त्यासाठी मोबाइल उलटा करा. लेन्स खाली येते, फोन थेट खडीवर टेकवता येतो, हातही हलत नाही. फोकस इंजिनाच्या जवळच्या टोकावर ठेवा. पोर्ट्रेट मोड मात्र बंदच. तो मागचा डोंगर धूसर करता करता इंजिनाच्या छपरावरचा, विजेच्या तारेला टेकणारा पँटोग्राफही गिळतो.

सूर्य एकच असतो, तेव्हा दिवाही एकच, बाजूने आणि जरा वरून. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर डब्याला दोन सावल्या पडतात. मागे खिडकीचं ग्रिल दिसत असेल तर फिकट निळा कार्डशीट उभा करा. पावसाळ्यातलं सासष्टी दाखवायचं असेल तर राखाडी चालेल, किंबहुना जास्त शोभेल.

छपरावरची धूळ मऊ ब्रशने आधीच झाडा. डोळ्यांना न दिसणारा कण फोटोत दगडाएवढा होतो. आपल्याकडच्या दमट हवेत एसीतून बाहेर आणलेल्या लेन्सवर वाफ धरते. ती पुसत बसू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे डब्यांवरची बारीक अक्षरं वाचता येतील.