साथ येण्याआधी ॲलर्जीच्या दवाखान्यात करून ठेवायची तयारी

सगळ्यात आधी यादी करायची ती पेशंटची. मास्क किती, ग्लोव्ह्ज किती, हे मागाहूनही मोजता येतं. पण साथ जाहीर झाल्यावर फोन वाजायला लागतात, तेव्हा ‘यांचं उद्याचं इंजेक्शन द्यायचं की पुढे ढकलायचं’ याचं उत्तर रिसेप्शनवरच्या माणसाकडे आधीच लिहिलेलं असावं लागतं. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही जागतिक महासाथ असल्याचं सांगितलं आणि तातडीची नसलेली कामं थांबवण्याची सूचना अनेक देशांतल्या डॉक्टरांना थोड्याच दिवसांत मिळाली. ॲलर्जीचं काम बाहेरून बघणाऱ्याला तातडीचं वाटत नाही. शिंका, खाज, पुरळ एवढंच त्याला दिसतं. पण गांधीलमाशी चावल्यावर ज्याचा रक्तदाब एकदम कोसळला होता तो माणूसही त्याच बाकावर बसलेला असतो. कुणाचे उपचार थांबवून चालणार नाही, हे डॉक्टरांनी शांत दिवसांत ठरवून ठेवायला हवं. धावपळीत ते ठरवायला लावणं डॉक्टरांवर अन्याय आहे आणि पेशंटवरही.

पेशंटचे तीन गट पुरतात. पहिल्या गटात तीव्र दम्यासाठी बायॉलॉजिक (प्रतिकारशक्तीतल्या नेमक्या घटकाला अडवणारी) इंजेक्शनं घेणारे, मधमाशी-गांधीलमाशीच्या विषावर इम्युनोथेरपी (ज्याची ॲलर्जी आहे त्याचाच अगदी थोडा डोस वाढवत नेऊन शरीराला सवय लावणारी इंजेक्शनं) चालू असलेले, नुकतीच ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी, होऊन गेलेले, आणि प्रतिकारशक्तीच जन्मतः कमी असल्यामुळे इम्युनोग्लोब्युलिनवर (बाहेरून दिलेल्या प्रतिपिंडांवर) असलेले पेशंट येतात. त्यांच्या उपचारात खंड पडू द्यायचा नाही. दुसऱ्या गटात परागकण किंवा धुळीतल्या किड्यांची इंजेक्शनं घेणारे, ज्यांचा डोस आता कायमच्या पातळीवर पोचला आहे असे पेशंट. त्यांची तारीख थोडी लांबवता येते. तिसऱ्या गटात सौम्य सर्दी-शिंकांची नवी तपासणी आणि घाई नसलेल्या त्वचेच्या चाचण्या. एखादा पदार्थ दवाखान्यात थोडाथोडा खायला देऊन बघण्याची चाचणीही बहुतेकदा थांबू शकते. याला एक अपवाद मात्र लिहूनच ठेवा: ज्या तान्ह्या बाळांना शेंगदाण्यासारखे पदार्थ वेळेत सुरू करायचे आहेत, त्यांच्यासाठी वाट बघण्यातही तोटा आहे, कारण उशीर झाला तर ॲलर्जी होण्याची शक्यताच वाढते.

प्रत्येक नावापुढे फोन नंबर, घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर, शेवटच्या डोसची तारीख आणि मात्रा, आणि मूल असेल तर अलीकडचं वजन. ॲनाफिलॅक्सिसवर तातडीने टोचायच्या ॲड्रेनलिनचा डोस वजनावर ठरतो, दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. वर्षापूर्वीचं वजन लिहिलेलं असेल तर तो आकडा निरुपयोगी आहे. यादी कॉम्प्युटरवर ठेवाच, पण एक छापील प्रतही कुलपात असू द्या.

आता ॲलर्जीची इंजेक्शनं. सगळ्यात जास्त विचार इथेच करावा लागतो, कारण हे उपचार ३ ते ५ वर्षं चालतात आणि मध्ये पडलेली खोट अशी सहज भरून निघत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत डोस दर आठवड्याला वाढवत न्यायचा असतो. चार-पाच आठवडे हुकले, की जिथे थांबलो तिथूनच पुढे जाणं धोक्याचं. मागे जाऊन कमी डोसपासून पुन्हा चढावं लागतं. म्हणून किती आठवड्यांचा खंड पडला तर डोस किती खाली आणायचा, याचा तक्ता डॉक्टरांच्या सहीने औषधांच्या फ्रिजवर लावून ठेवा. प्रत्येक कंपनीच्या औषधाच्या सूचना वेगळ्या असतात, तेव्हा तक्ताही औषधागणिक वेगळा. साथीच्या काळात नवीन पेशंटला ही इंजेक्शनं सुरू करायची नाहीत, हा निर्णय बहुतेक वेळा शहाणपणाचा ठरतो. विषाच्या ॲलर्जीचा पेशंट याला अपवाद.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. दवाखाना बंद ठेवावा लागला म्हणून बाटल्या पेशंटच्या घरी पाठवून ‘तुमचं तुम्ही टोचून घ्या’ असं सांगण्याचा मोह होतो. तो टाळा. इंजेक्शननंतरची गंभीर रिॲक्शन बहुतेकदा पहिल्या ३० मिनिटांत येते, आणि त्या अर्ध्या तासात ॲड्रेनलिन हातात घेतलेलं प्रशिक्षित माणूस जवळ नसेल तर काय होऊ शकतं हे प्रत्येक ॲलर्जीतज्ज्ञाला माहीत आहे. घरी घेण्याजोगं काही हवंच असेल तर जिभेखाली ठेवायच्या गोळ्या किंवा थेंब असतात, पण त्यांचाही पहिला डोस डॉक्टरांसमोरच. ओमॅलिझुमॅब, मेपोलिझुमॅब, ड्युपिलुमॅब यांसारख्या बायॉलॉजिक इंजेक्शनांचं गणित वेगळं. ती आधी दवाखान्यात घेऊन बघितली आणि काही त्रास झाला नाही, तर अनेकांना घरी घेता येतात. कुणाला हे शिकवता येईल, त्यांच्या नावांवर आत्ताच खूण करा आणि साथीची वाट न बघता शिकवायला लागा.

ज्याला ताप आहे किंवा ज्याचा दमा त्या दिवशी ताब्यात नाही, त्याला इंजेक्शन द्यायचं नाही, हा नियम साथ नसतानाही असतोच. आता तो दारावर लावा. औषधांचा फ्रिज २ ते ८ अंश सेल्सिअसच्या मध्ये राहायला हवा. दवाखाना आठ दिवस बंद राहिला तर त्याचं तापमान कोण बघणार, वीज गेली तर बाटल्या कुठे हलवणार आणि किल्ली कुणाकडे असणार, ही तीन उत्तरं नावानिशी लिहा.

इंजेक्शननंतरची ती ३० मिनिटं पेशंटने बसायचं कुठे, हा प्रश्न जागेचा आहे तसाच हवेचा. श्वासातून पसरणाऱ्या रोगाच्या साथीत भरलेली, खिडक्या बंद असलेली प्रतीक्षा-खोली ही दवाखान्यातली सर्वांत वाईट जागा. वेळा अशा द्या की एका वेळी मोजकीच माणसं आत असतील. २०२० मध्ये काही दवाखान्यांनी पेशंटला बाहेर स्वतःच्या गाडीत थांबायला सांगितलं. हे चालेल, पण नर्सला तो पेशंट दिसला पाहिजे, त्याच्या हातात वाजणारा फोन हवा आणि ॲड्रेनलिन घेऊन त्याच्यापर्यंत क्षणात पोचता आलं पाहिजे. एकटा आलेला पेशंट नजरेआड बसवू नका.

खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते हे एखाद्या जाणकाराकडून मोजून घ्या. तासाला ६ वेळा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण निघून जायला साधारण ४६ मिनिटं लागतात, १२ वेळा बदलत असेल तर २३. हा आकडा हातात आला की दोन पेशंटच्या मध्ये किती वेळ सोडायचा याचा वाद उरत नाही. हेपा फिल्टरचं (हवेतले बारीक कण गाळणारं) यंत्र आणि उघडी खिडकी या दोन्ही साध्या गोष्टी आहेत. पुसून लखलखीत केलेल्या टेबलांपेक्षा मला त्यांचा भरवसा जास्त वाटतो.

फुंकून करायच्या चाचण्यांना वेगळा नियम. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुप्फुसांची ताकद मोजण्याच्या चाचणीत, पेशंट जोर लावून श्वास सोडतो, मग खोकतो. साथीच्या ऐन भरात ती ज्याच्या निकालावर उपचार बदलणार आहे अशाच पेशंटची करा. इतरांना घरी पीक फ्लो मीटर (फुंकरीचा जोर मोजणारं छोटं साधन) देऊन रोजचा आकडा लिहायला शिकवा. नेब्युलायझरऐवजी स्पेसर (इनहेलर आणि तोंडाच्या मध्ये धरायची पोकळ नळी) लावून इनहेलर द्या, कारण नेब्युलायझरची वाफ खोलीभर पसरते. २०२० च्या वसंतात रुग्णालयं अशीच एकदम इनहेलरकडे वळली आणि काही ठिकाणी साल्ब्युटामॉलच्या (श्वासनळ्या झटपट मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या) इनहेलरचा तुटवडा पडला. तेव्हा प्रत्येक दम्याच्या पेशंटकडे एक चालू आणि एक राखीव इनहेलर आहे ना, एवढं फोनवर विचारून घ्या. घरात पाच-पाच साठवून ठेवायला सांगू नका, त्याने दुसऱ्या कुणाचा तरी श्वास अडतो.

त्याच फोनवर आणखी एक वाक्य न विसरता सांगायचं: डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचं स्टेरॉइडचं इनहेलर आणि नाकातला स्प्रे बंद करू नका. ‘स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते’ असं ऐकून कोविडच्या सुरुवातीला अनेक जण ते थांबवण्याच्या विचारात होते. दम्यावरची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्था ‘जिना’ हिने तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की इनहेलर चालू ठेवा. ताब्यातला दमा हीच पेशंटची पहिली ढाल आहे.

फोन उचलणाऱ्या माणसासाठी प्रश्नांचा एक कागद तयार करा. डोळे, नाक, टाळू खाजतंय का? दरवर्षी याच दिवसांत होतं का? नेहमीच्या गोळीने उतरतं का? तीन्हींना ‘हो’ आलं तर ॲलर्जीकडे कल. ताप, अंगदुखी, गळून जाणं, घरात कुणी आजारी, यांपैकी काही असेल तर संसर्गाकडे. वास जाणं हे एकटं लक्षण फसवं, कारण नाक चोंदल्यावरही वास जातो. शंका असेल तर संसर्ग धरूनच वागायचं आणि चाचणी करायला सांगायचं. ॲलर्जी आणि संसर्ग एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात, आणि अशा माणसाची प्रत्येक शिंक विषाणू दूरवर नेते. म्हणून साध्या वाटणाऱ्या शिंकांवर वेळेत उपचार करणं हे साथीतही वाया गेलेलं काम नाही.

व्हिडिओवरून तपासणीसाठी फार सजावट लागत नाही. पुरळाचे फोटो आदल्या दिवशी, उजेडात काढून मागवा. इनहेलर कॅमेऱ्यासमोर घ्यायला लावा. पेशंटची चूक जितकी तिथे दिसते तितकी दवाखान्यातल्या घाईत दिसत नाही. त्वचेची चाचणी पडद्यावरून होत नाही, पण रक्तातली आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडं) तपासून बरंच कळतं, आणि त्यासाठी अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीची नेहमीची गोळी, थांबवावी लागत नाही. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांची नावं वेगळी काढून त्यांना साधा फोन करण्याचे तास ठरवा.

ॲनाफिलॅक्सिसचा धोका असलेल्या प्रत्येक घरी एक पानी योजना हवी. ॲड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर. पेशंटला आडवं झोपवून पाय वर. धाप लागली असेल तर बसतं ठेवा. ५ ते १५ मिनिटांत उतार नसेल तर दुसरा डोस. रुग्णालयात संसर्ग लागेल या भीतीने लोक ॲड्रेनलिन घेणंच टाळतात आणि गोळीवर भागवतात, हा साथीतला खरा धोका. म्हणून ‘आधी ॲड्रेनलिन, मग बाकी विचार’ असं मोठ्या अक्षरात लिहा. २०२० मध्ये काही तज्ज्ञांनी असंही मांडलं की पहिल्या डोसने त्रास पूर्ण गेला, जवळ दुसरा डोस आणि सोबत माणूस असेल, तर निवडक पेशंटने घरीच लक्ष ठेवून थांबावं. आपल्या कोणत्या पेशंटला हे लागू आणि कुणाला नाही, हे डॉक्टरांनी आधी नावानिशी ठरवायचं. घरी ठेवलेल्या ॲड्रेनलिनच्या पेनची (स्वतः टोचून घ्यायच्या तयार इंजेक्शनची) मुदत फोनवरच वाचून घ्या.

लस येईल त्या दिवसाची तयारी वेगळ्या फायलीत ठेवा, कारण त्या दिवशी सगळं गाव ॲलर्जीच्या डॉक्टरांनाच फोन करतं. ८ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनमध्ये कोविडचं लसीकरण सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी, पूर्वी तीव्र ॲलर्जी होऊन गेलेल्या दोन आरोग्य कर्मचाऱ्यांना रिॲक्शन आली. बातमी जगभर गेली. अमेरिकेत पहिल्या १८,९३,३६० डोसांमागे ॲनाफिलॅक्सिसचे २१ प्रसंग नोंदले गेले, म्हणजे दहा लाखांमागे सुमारे ११. धोका लहान होता, पण घाबरलेल्या माणसाला तो आकडा समजावून सांगणारं कुणीतरी लागतं. संशय लसीतल्या पॉलिएथिलीन ग्लायकॉल या घटकावर गेला, आणि पेशंटच्या जुन्या कागदांत त्या घटकाची रिॲक्शन शोधत बसायची वेळ आली.

हे शोधून ठेवण्याचं काम आत्ता होऊ शकतं. औषधाच्या किंवा लसीच्या इंजेक्शनने ज्यांना पूर्वी तीव्र त्रास झाला, त्या औषधांतल्या घटकांसह त्यांची नोंद काढा. खाण्याची, परागकणांची, धुळीची ॲलर्जी म्हणजे लसीला मनाई नव्हे, असा मजकूर आधीच लिहून ठेवा. सगळ्यांना १५ मिनिटं आणि पूर्वी ॲनाफिलॅक्सिस झालेल्यांना ३० मिनिटं थांबवण्याची पद्धत कोविडमध्ये वापरली गेली, तीच मसुद्यात धरा. लस आणि ॲलर्जीचं इंजेक्शन एकाच दिवशी नको. त्रास झाला तर कशाने झाला हे कळायला हवं. आणि लसीकरण केंद्राला सांगून ठेवा की तीव्र रिॲक्शन आली तर उपचार चालू असतानाच, पहिल्या एक-दोन तासांत, ट्रिप्टेजसाठी (तीव्र ॲलर्जीत रक्तात वाढणाऱ्या घटकाच्या तपासणीसाठी) रक्त काढून ठेवा. नंतर डॉक्टरांना निदान करायला तोच एक भक्कम पुरावा मिळतो.

कर्मचाऱ्यांकडे बघताना हातांकडे बघा. वारंवार साबणाने धुऊन कातडी फाटते, मग जंतुनाशक झोंबतं, मग ते वापरणं टळतं. हात दिसायला स्वच्छ असतील तेव्हा अल्कोहोलचं सॅनिटायझर साबणापेक्षा सौम्य पडतं. जोडीला सुगंध नसलेलं मलम ठेवा. ग्लोव्ह्ज नायट्राइलचे, लॅटेक्सचे नकोत. एन-९५ प्रत्येकाच्या चेहऱ्यावर नीट बसतो का हे आधी तपासा.

पैशाचं थोडक्यात. दोन-तीन महिने निम्मे पेशंट आले तरी पगार आणि भाडं निघेल एवढी शिल्लक बाजूला ठेवा, आणि बँकेशी कर्जाच्या मर्यादेचं बोलणं गरज पडण्याआधी करा. व्हिडिओ तपासणीची फी आजच ठरवून फलकावर लावा.

शेवटी डॉक्टर स्वतः आजारी पडले तर काय? जवळच्या दुसऱ्या ॲलर्जीतज्ज्ञाशी लेखी बोलणं करून ठेवा: पहिल्या गटातले पेशंट ते बघतील, डोसचे तक्ते आणि नोंदी त्यांना उघडता येतील, आणि उलट वेळ आली तर आपण त्यांचे बघू. पेशंटची संमती याच महिन्यात, ते नेहमीच्या तपासणीला येतील तेव्हा घ्या. दुसरा डॉक्टर सापडत नसेल तर फुप्फुसांचे किंवा बालरोगांचे डॉक्टर चालतील, पण त्यांना इंजेक्शनचा डोस कमी-जास्त करण्याची पद्धत एकदा समोर बसून समजावून द्यावी लागेल, आणि त्यासाठी डॉक्टरांची एक दुपार आत्ताच मोकळी ठेवा.