जिल्ह्याचे अधिकृत गीत कसे निवडावे आणि कसे स्वीकारावे : नाशिकसाठी एक कार्यपद्धती

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ३१ जानेवारी २०२३ रोजी ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीताला राज्यगीत म्हणून मान्यता दिली आणि त्या वर्षीच्या १९ फेब्रुवारीपासून, म्हणजे शिवजयंतीपासून, तो निर्णय अमलात आला. राज्याप्रमाणे नाशिक जिल्ह्याचेही एक अधिकृत गीत असावे, असे ज्यांना मनापासून वाटते आणि त्यासाठी खटपट करण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी पुढील मांडणी केली आहे. अशा कामात कवी कमी पडत नाहीत आणि उत्साहही कमी पडत नाही. काम अडते ते ठराव करण्याचा अधिकार कोणाचा, गीताचे हक्क कोणाचे आणि ते कोणत्या पट्टीत गायचे, या प्रश्नांपाशी. म्हणून कवितेच्या आधी त्यांचा विचार करावा.

अधिकार कोणाचा

राज्यगीताविषयी आपल्या राज्यघटनेत तरतूद नाही. राष्ट्रगीताचा निर्णय २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत अध्यक्षांच्या निवेदनाद्वारे जाहीर झाला, तर राज्यांनी आपापल्या सोयीने मार्ग काढले. महाराष्ट्राने मंत्रिमंडळाचा निर्णय घेतला, पश्चिम बंगालने ७ सप्टेंबर २०२३ रोजी विधानसभेत ठराव केला. जिल्ह्याचे मात्र त्रांगडे आहे, कारण संपूर्ण जिल्ह्याच्या वतीने बोलणारे एकच निवडून आलेले सभागृह अस्तित्वात नाही. जिल्हा परिषद ग्रामीण भागापुरती, नाशिक आणि मालेगाव या दोन महानगरपालिका आपापल्या हद्दीपुरत्या, नगरपरिषदा आणि नगरपंचायती वेगळ्या, आणि देवळालीला तर छावणी परिषद. जिल्हा नियोजन समितीत ग्रामीण आणि शहरी असे दोन्ही प्रतिनिधी असतात, पण तिचे काम विकासाचा आराखडा तयार करण्याचे आहे. जिल्हाधिकारी परिपत्रक काढू शकतात. परंतु ज्या गीतामागे एकाही सभागृहाचा ठराव नाही, ते पुढचे अधिकारी रुजू होताच कपाटात जाते.

यावरचा व्यवहार्य मार्ग असा, की ठरावाचा एकच मसुदा तयार करावा आणि तो अक्षरशः त्याच शब्दांत जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत, दोन्ही महापालिकांच्या महासभेत आणि शक्य तितक्या नगरपरिषदांत मंजूर करून घ्यावा. नंतर सर्व ठरावांच्या प्रमाणित प्रती जोडून एकत्रित प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सांस्कृतिक कार्य विभागाकडे पाठवावा. हा विषय नियमित विषयपत्रिकेवर, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसह यायला हवा. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात तो घुसवण्याचा मोह टाळावा. चर्चा न होता संमत झालेल्या गीतावर नंतर जी चर्चा होते, ती फार महाग पडते. खर्चाची बाब असल्यास लेखाशीर्ष आणि प्रशासकीय मान्यता यांचाही उल्लेख त्याच प्रस्तावात असावा. कायद्याशी विसंगत वाटणारा महापालिकेचा ठराव शासन विखंडित, म्हणजे रद्द, करू शकते, तेव्हा ठरावात सक्ती, दंड असले शब्द येऊ देऊ नयेत.

तयार गीत की नवे गीत

माझे मत स्पष्ट आहे : लोकांच्या तोंडी आधीपासून असलेले गीत मिळत असेल, तर नव्याच्या मागे लागू नये. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज असलेले आपले राज्यगीत शासनमान्यतेच्या कितीतरी दशके आधीपासून शाळांत आणि मिरवणुकांत गायले जात होते; शासनाने केवळ शिक्का मारला. ओडिशातील ‘बंदे उत्कल जननी’ हे लक्ष्मीकांत महापात्र यांचे गीत १९१२ चे, त्याला राज्यगीताचा दर्जा मिळाला २०२० मध्ये. याउलट बिहारने २०१२ मध्ये नव्या गीताचा मार्ग धरला आणि त्याच्या संगीतासाठी हरिप्रसाद चौरसिया आणि शिवकुमार शर्मा यांच्यासारखे दिग्गज निवडले. दोन्ही मार्ग वैध आहेत, मात्र दुसऱ्या मार्गात गीत रुजवण्याचे कष्ट मंजुरीनंतर सुरू होतात.

स्पर्धा घ्यावीच लागली, तर दोन पाकिटांची पद्धत ठेवावी. एका पाकिटात केवळ सांकेतिक क्रमांक असलेली कविता, दुसऱ्या बंद पाकिटात कवीचे नाव. परीक्षकांत साहित्यिकांबरोबर शाळेत रोज परिपाठ घेणारा एखादा शिक्षक आणि बँडचा जाणकार असावा. ‘एकही गीत पात्र नाही’ असा निर्णय देण्याचा अधिकार परीक्षकांना जाहिरातीतच लिहून द्यावा, नाहीतर पहिल्या बक्षिसाची कविता आपोआप जिल्हागीत होऊन बसते. आणि सिंहस्थाच्या मुहूर्तावर गीत उरकण्याची घाई करू नये. त्या गर्दीत ते सोहळ्याचे जाहिरातगीत ठरेल आणि मंडप उतरले की विसरले जाईल.

शब्दांची पारख

नाशिकवरील बहुतेक कविता ब्रह्मगिरीपासून सुरू होतात आणि गोदावरीच्या घाटावर येऊन थांबतात. शहराच्या गीताला ते शोभते. जिल्ह्याच्या गीताला ते अपुरे आहे, कारण जिल्ह्यातले सगळे पाणी गोदावरीला मिळतच नाही. कळवण, देवळा, मालेगाव या भागाची गिरणा आणि बागलाणची मोसम हे पाणी तापीकडे जाते. पेठ आणि सुरगाण्याच्या डोंगरांतून दमणगंगा, नार आणि पार या नद्या पश्चिमेकडे वळून अरबी समुद्र गाठतात. एकट्या गोदावरीचे गुणगान करणारे गीत सटाण्याच्या किंवा सुरगाण्याच्या सभेत वाचून पाहावे, म्हणजे टाळ्यांचा फरक कळेल. नद्यांची नावे घ्यायचीच असतील तर तिन्ही दिशांची घ्यावीत, किंवा कोणाचेच नाव न घेता सह्याद्रीच्या कड्यावरून दोन्हीकडे वाहणाऱ्या पाण्याचे वर्णन करावे; ते अधिक खरे होईल आणि बहुधा अधिक काव्यमयही.

तीच गोष्ट तालुक्यांची. पंधरा तालुक्यांची नावे ओळीत बसवली की कवीला आपण कोणालाही वगळले नाही असे समाधान मिळते, पण गीताची यादी होते. शिवाय सीमा बदलतात. देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके १९९९ मध्ये झाले, आणि स्वतंत्र मालेगाव जिल्ह्याची मागणी जुनीच आहे. ‘पंधरा तालुके’ असा शब्दप्रयोग असलेले गीत एका राजपत्राने जुने होऊ शकते. द्राक्षे, कांदा, पैठणी, यंत्रमाग, नोटांचा छापखाना यांचेही तसेच आहे : एखाददुसरी प्रतिमा पुरे, बाजारपेठेचा तक्ता नको. हयात व्यक्ती, पक्षाची घोषणा, योजनेचे नाव यांना तर थाराच देऊ नये.

शब्द तोंडात बसतात का, हेही पाहावे. या जिल्ह्यात अहिराणी आणि कोकणा बोलणारी मुले आहेत, मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. ध्रुवपदात तीन जोडाक्षरे लागोपाठ आली तर शहरातली मुलेसुद्धा ती गिळतात. अहिराणीची एखादी ओळ घ्यावी की नाही, हा वादाचा विषय आहे. मला ती कडव्यात आलेली आवडेल, पण केवळ सर्वसमावेशकता दाखवण्यासाठी चिकटवलेली नको.

हक्क

येथे सर्वाधिक दुर्लक्ष होते. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे स्वामित्वहक्क कायद्याच्या दृष्टीने तीन वेगवेगळे हक्क असून ते तीन वेगवेगळ्या व्यक्तींकडे असू शकतात. १९५७ च्या कायद्यानुसार कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनेचा हक्क कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. नाशिकचे कवी गोविंद यांचे निधन १९२६ चे, म्हणून त्यांच्या तेव्हा प्रसिद्ध झालेल्या रचना आज सर्वांना खुल्या आहेत. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ चे. त्यांच्या कवितेचा हक्क २०५९ च्या अखेरपर्यंत राहील, आणि ‘तात्यासाहेब आपलेच’ या भावनेने तो माफ होत नाही.

जिवंत कवीकडून किंवा वारसांकडून हक्क घेताना ते सही असलेल्या लेखी हस्तांतरणानेच घ्यावे लागतात. स्पर्धेच्या जाहिरातीतले ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ हे वाक्य त्यासाठी पुरेसे नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. शिवाय हक्क मिळाल्यावर वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळे म्हटलेले नसेल, तर तो परत जातो. तेव्हा ‘स्वामित्वहक्काच्या संपूर्ण मुदतीसाठी’ हे शब्द करारात असलेच पाहिजेत. हक्क विकल्यानंतरही आपले नाव लावले जाण्याचा आणि रचनेची मोडतोड झाल्यास आक्षेप घेण्याचा अधिकार कवीकडे राहतो. म्हणून कडवे गाळायचे, ओळ बदलायची असे काही असेल, तर त्याची संमती कवीकडून आधीच लेखी घ्यावी.

मुदत संपलेल्या रचनेतही हात घालताना जपावे. रवींद्रनाथांच्या रचनांचा हक्क २००१ अखेर संपला. तरीही त्यांनीच लिहिलेल्या पश्चिम बंगालच्या राज्यगीतात ‘बंगाली’ ऐवजी ‘बंगाल’ असा अर्थ देणारा बदल करून ते २०२३ च्या डिसेंबरात गायले गेले, तेव्हा मोठी टीका झाली आणि पुढे मूळ शब्दच कायम राहिले.

चाल, पट्टी आणि वेळ

कर्नाटकाने कन्नड कवी कुवेंपू यांचे गीत २००४ मध्ये स्वीकारले, पण कोणती चाल आणि किती वेळ, हे पक्के झाले २०२२ मध्ये, जेव्हा मैसूर अनंतस्वामी यांची चाल आणि अडीच मिनिटांची मर्यादा ठरली; त्यावरही न्यायालयात दाद मागितली गेली. शब्दांबरोबर चालही त्याच ठरावात बांधली असती, तर एवढा काळ वाद रेंगाळला नसता.

वेळेचा हिशेब कवीला आधीच द्यावा. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे आहे, तमिळनाडूचे राज्यगीत ५५ सेकंदांचे, आणि आपले राज्यगीत मूळ तीनपैकी दोन कडवी घेऊन पावणेदोन मिनिटांच्या आत बसवले आहे. जिल्हागीताला दीड मिनिट भरपूर झाले. मिनिटाला ९६ मात्रांची लय धरली तर दीड मिनिटात १४४ मात्रा, म्हणजे केरवा या आठ मात्रांच्या तालाची १८ आवर्तने होतात. एका आवर्तनात एक ओळ बसवली, तर सुरुवातीच्या वाद्यसंगीताला दोन आवर्तने, दोन ओळींचे ध्रुवपद आरंभी आणि प्रत्येक कडव्यानंतर मिळून सहा, चार-चार ओळींच्या दोन कडव्यांना आठ आणि शेवटी ध्रुवपदाच्या पुनरावृत्तीला दोन, असा हिशेब तंतोतंत जुळतो. तिसरे कडवे कितीही सुंदर असले तरी ते पुस्तकात छापावे.

चाल मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंतच, म्हणजे मधल्या ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंतच, फार तर एखादा स्वर इकडेतिकडे, फिरली पाहिजे. नामवंत गायक ध्वनिमुद्रणात तार पंचमाला, म्हणजे त्याही वरच्या ‘प’ला, सहज जाऊन येतो, पण तेथे पटांगणातली मुले ओरडू लागतात आणि पालक नुसते ओठ हलवतात. एका सप्तकातली चाल पेटीच्या पांढरी एक किंवा काळी एक या पट्टीत घेतली, तर मुले वरच्या आणि पुरुष खालच्या सप्तकात एकाच वेळी गाऊ शकतात. ढोलाशिवाय उभीच राहत नाही अशी चाल मात्र घेऊ नये, भले नाशिक ढोलाचा आपल्याला कितीही अभिमान असो. पेठच्या आश्रमशाळेत पेटीसुद्धा असेलच असे नाही.

अंतिम निवडीपूर्वी दोन-तीन गीते घेऊन शाळांत चाचणी करावी, एक शहरातली, एक निफाड-येवल्याकडची, एक सुरगाण्याकडची. ध्वनिमुद्रण एकदा ऐकवून आठवडाभर परिपाठात म्हणू द्यावे, मग वाद्याशिवाय म्हणायला सांगावे. जिथे आवाज विरतो ती ओळ वहीत टिपावी. तिन्ही शाळांत तीच ओळ विरली, तर दोष मुलांचा नाही, चालीचा आहे.

ठरावाचा मसुदा आणि मानाचे नियम

ठरावाची भाषा साधी असावी : ‘सोबत जोडलेल्या परिशिष्ट अ मधील दोन कडव्यांचे गीत, परिशिष्ट ब मधील स्वरलिपीनुसार, ९० सेकंदांच्या मर्यादेत, नाशिक जिल्ह्याचे अधिकृत गीत म्हणून ही सभा स्वीकारीत आहे. गीताच्या शब्दांत किंवा चालीत बदल करावयाचा झाल्यास तो या सभेच्या पूर्वसंमतीशिवाय करता येणार नाही. राष्ट्रगीत आणि राज्यगीत यांच्या मानाला व क्रमाला बाध येईल अशा रीतीने हे गीत वाजविले जाणार नाही.’

गीत चालू असताना उभे राहावे काय, याचे उत्तर ठरावातच द्यावे. तमिळनाडूत राज्यगीतासाठी उभे राहणे बंधनकारक नाही असे मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये म्हटले आणि त्याच महिन्यात १७ तारखेला तेथील शासनाने, दिव्यांगांना वगळून, उभे राहण्याचा आदेश काढला. राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाविषयीचा १९७१ चा कायदा जिल्हागीताला लागू होत नाही. राष्ट्रगीताच्या बाबतीतही, आदराने उभ्या राहिलेल्या मुलांना ते गायले नाही म्हणून शाळेतून काढता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दिला आहे. म्हणून ‘उभे राहणे अपेक्षित आहे, वृद्ध, आजारी, दिव्यांग आणि गरोदर महिला यांना सवलत राहील, कोणावरही गाण्याची सक्ती नाही’ एवढेच लिहावे.

मंजुरीनंतर सहीशिक्क्याची संहिता, स्वरलिपी, हक्कांचे करार, गायकासह आणि केवळ वाद्यांवर अशी दोन ध्वनिमुद्रणे, हे सर्व एका संचिकेत ठेवून तिच्या प्रती प्रत्येक ठराव करणाऱ्या संस्थेकडे आणि एक प्रत सार्वजनिक वाचनालय, नाशिक येथे द्यावी. शाळांना मात्र ध्वनिमुद्रणाआधी स्वरलिपीचा कागद पोहोचला पाहिजे, म्हणजे संगीताचे शिक्षक ते मुलांकडून स्वतः बसवून घेतील.