वनखात्यात जायचंय? मग निदान या चुका तरी करू नका

भरतीची जाहिरात आली की मला तेच तेच फोन. "दादा, वाघांची लई आवड आहे, वनरक्षकासाठी काय करू?" आवड असू दे रे, आधी चालायला शीक.

घोळ इथंच होतो. मुलं ५ किलोमीटर आणि मुली ३ किलोमीटर धावायची तयारी जीव तोडून करतात, कारण त्याला मार्क आहेत. आणि नंतरची चालण्याची चाचणी? "चालायचं तर काय, रोजच चालतो की!" पुरुषांना ४ तासांत २५ किलोमीटर, महिलांना १६. जरा हिशोब करा, पुरुषांना साधारण साडेनऊ मिनिटांत एक किलोमीटर, आणि हाच वेग शेवटपर्यंत टिकवायचा. माझा मावसभाऊ धावण्यात मस्त निघाला आणि चालण्याच्या दिवशी नवेकोरे बूट घालून आला, का तर बहिणीनं हौसेनं दिलेले. अठराव्या किलोमीटरला टाच सोलली, मोजा रक्तानं चिकटला, गडी कडेला बसला तो उठलाच नाही. वर्षाची मेहनत एका फोडानं खाल्ली. मी चाचणी दिली ती सहा महिने घासलेल्या बुटांवर, आणि त्याआधी दर महिन्याला दोनदा पूर्ण २५, तेही डांबरी रस्त्यावर उन्हातच. "पंधरा दिवसांत फिजिकल" म्हणणाऱ्या ॲकॅडमीच्या नादी लागू नका.

बारावीला विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक तरी विषय होता का, ते फी भरायच्या आधी बघा.

व्हॉट्सॲपवर "थेट भरती, फोनपे करा" आलं की डिलीट मारा, फॉरवर्ड नको.

साप पकडतानाचे रील टाकून कुणी वनखात्यात जात नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचा, उलट केस व्हायची.

आता स्वयंसेवकांकडे येऊ. सर्टिफिकेटसाठी येणाऱ्यांनो, भरतीत त्याचा एक मार्क नाही. दर चार वर्षांनी व्याघ्रगणना होते, तिथंही चालायचंच असतं, पहाटे उठून विष्ठा, पंजे, ओरखडे शोधत. वाघ दिसला तर बोनस.

बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजायला मचाणावर एकदा माझ्यासोबत एक शहरी पोरगा होता. भडक पिवळा टीशर्ट, परफ्यूम, आणि दर दहा मिनिटांनी मोबाईलचा उजेड. संध्याकाळी चितळांचा कळप आला, पंधरावीस असतील, यानं फॉर्मवर काहीच लिहिलं नाही, म्हणे "चितळ काय, कुठंही दिसतं". रात्री दोनच्या सुमारास पाण्याशी काहीतरी हललं आणि यानं लगेच लिहिलं, बिबट्या. सोबतचे वनमजूर काका हळूच म्हणाले, "साहेब, उदमांजर हाय ते. मघाधरनं तिसऱ्यांदा आलंय." मी फॉर्म माझ्याकडे घेतला, बिबट्या खोडला, काकांना विचारून चितळं भरली, आणि ज्याची खात्री नव्हती तिथं "ओळख पटली नाही" लिहिलं. पोरगा तोवर झोपला होता.