आयएसओ, बिन, एनआरजी उघडत नाही? डिस्क इमेज हाताळताना या चुका टाळा

डिस्क इमेज म्हणजे सीडी-डीव्हीडीसारख्या डिस्कची एका फाइलीत उतरवलेली हुबेहूब प्रत; आयएसओ, बिन, एनआरजी हे तिचे प्रकार. ती उघडली नाही की बहुतेकांचा हात आधी 'रिपेअर'च्या सॉफ्टवेअरकडे जातो. पण न उघडणाऱ्या कितीतरी फाइली मुळात धड असतात. त्यांचं नाव चुकलेलं असतं, नाहीतर त्या भलत्याच जागी ठेवलेल्या असतात. म्हणून आधी तीन गोष्टी बघा: फाइलचा बाइटमधला नेमका आकार, ती कुठल्या ड्राइव्हवर आहे, आणि तिचा हॅश (फाइलमधल्या बाइटवरून काढलेला ओळखीचा आकडा). जो काही प्रयोग कराल तो प्रतीवर करा, मूळ फाइलला हात लावू नका.

नाव बदललं म्हणजे रूपांतर झालं, असं समजणं

बिन फाइलचं शेपूट (नावातला टिंबानंतरचा भाग) बदलून आयएसओ करायचं आणि मग ती उघडत नाही म्हणून डोकं धरायचं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. सीडीवरचा प्रत्येक सेक्टर (डेटाचा ठरावीक तुकडा) २३५२ बाइटचा असतो. नेहमीच्या डेटा सीडीत त्यातले २०४८ बाइट आपला डेटा असतात, उरलेले सेक्टरची ओळख आणि चूक दुरुस्तीची माहिती. आयएसओत फक्त २०४८ ठेवतात, बिनमध्ये बहुधा सगळे २३५२. त्यामुळे ८० मिनिटांच्या पूर्ण भरलेल्या सीडीची आयएसओ ७३,७२,८०,००० बाइटची होते आणि बिन ८४,६७,२०,००० बाइटची. बिन मोठी दिसली म्हणून ती बिघडलेली नसते.

प्रॉपर्टीजमध्ये बाइटचा आकडा बघा आणि भागून पाहा. २३५२ ने पूर्ण भाग गेला आणि २०४८ ने गेला नाही, तर नाव काहीही असो, आत कच्चे सेक्टर आहेत. आणखी पक्की खूण हवी असेल तर एचएक्सडीसारख्या हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडून 'सीडी००१' ही रोमन अक्षरांतली खूण शोधा. ती हेक्स ८००१ या जागी सापडली तर खरी आयएसओ. ९३११ किंवा ९३१९ वर सापडली तर ती बिनच आहे, शेपूट फक्त बदललंय.

रूपांतराला बीचंक हे छोटं साधन पुरतं, पण त्याला बिनसोबतची क्यू फाइल लागते. क्यू ही ट्रॅकची यादी असलेली साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडते. तिच्या 'फाइल' या ओळीत अवतरणचिन्हांत बिनचं नाव लिहिलेलं असतं. बिनचं नाव बदललंत आणि ही ओळ तशीच ठेवलीत, तर क्यूवरून इमेज उघडणाऱ्या प्रोग्रॅमला बिन सापडतच नाही. नाव अक्षर न् अक्षर जुळवा, स्पेससकट.

त्याच क्यूमध्ये 'ऑडिओ' लिहिलेले ट्रॅक असतील तर सावध व्हा. आयएसओत गाण्यांचे ट्रॅक मावत नाहीत. नुसत्या गाण्यांच्या सीडीची आयएसओ होतच नाही, आणि डेटा-गाणी मिश्र सीडीची केली तर गाणी गळतात. अशी बिन-क्यू जोडी आहे तशीच जपा, गाणी वेव्हमध्ये वेगळी काढून घ्या.

नीरो या बर्निंग सॉफ्टवेअरच्या एनआरजीचं काम सोपं. एकाच डेटा ट्रॅकच्या साध्या एनआरजीत सुरुवातीचे ३,०७,२०० बाइट (१५० सेक्टर) रिकामे असतात, एनआरजी-टू-आयएसओ हे साधन तेवढे वगळतं. मॅकची डिस्क इमेज, डीएमजी, मात्र आयएसओ केली तरी आतली फाइल सिस्टिम (फाइली मांडायची पद्धत) मॅकचीच राहते. विंडोजवर आतल्या फाइली हव्या असतील तर रूपांतराच्या मागे न लागता सेव्हन-झिपने उघडून बघा, बऱ्याच डीएमजी उघडतात.

चांगल्या फाइलला खराब ठरवणं

विंडोज ८ पासून आयएसओ डबल क्लिकने माउंट होते, म्हणजे ड्राइव्हसारखी उघडते. ती होत नसेल आणि 'फाइल एनटीएफएस ड्राइव्हवर आहे, कॉम्प्रेस केलेल्या फोल्डरमध्ये नाही याची खात्री करा' असा संदेश आला, तर तो शब्दशः घ्या. फाइल एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम) ड्राइव्हवरच्या, कॉम्प्रेस न केलेल्या साध्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि पुन्हा उघडा. काही डाउनलोडर फाइलला 'स्पार्स'ची (रिकाम्या भागांना डिस्कवर जागा न देण्याची) खूण लावून ठेवतात, तीही बहुधा अशा साध्या कॉपीने जाते. राइट क्लिकमधून 'माउंट'च गायब असेल तर आयएसओचा ताबा दुसऱ्या प्रोग्रॅमने घेतलाय. 'ओपन विथ'मधून विंडोज एक्सप्लोरर निवडा.

विंडोजच्या इन्स्टॉलेशनची आयएसओ उघडली आणि आत फक्त एक रीडमी दिसली, तर घाबरू नका. त्या रीडमीतच लिहिलेलं असतं की डिस्क यूडीएफ या नव्या पद्धतीची आहे. तुमचा प्रोग्रॅम फक्त जुनी आयएसओ ९६६० पद्धत वाचतोय, प्रोग्रॅम बदला.

पेनड्राइव्हच्या चुका

फॅट३२ पेनड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीपेक्षा एक बाइट कमी, एवढीच मोठी होऊ शकते. डीव्हीडीची ४.७ जीबीची इमेज त्यावर जाणार नाही, तो एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू (बूट) करण्यासाठी आयएसओ नुसती कॉपी करून चालत नाही, अपवाद व्हेंटॉय (कॉपी केलेल्या आयएसओवरून बूट करणारं साधन) बसवलेल्या पेनड्राइव्हचा. लिनक्सच्या बहुतेक इमेज एचर किंवा डीडी या साधनांनी जशाच्या तशा लिहिल्या तरी बूट होतात, विंडोजची होत नाही. तिच्यासाठी रूफस वापरा.

'दुरुस्ती' कशाची होते, कशाची नाही

आयएसओतले बाइट हरवले असतील तर ते कुठलंही सॉफ्टवेअर मनाने भरू शकत नाही. सेव्हन-झिपच्या राइट क्लिक मेनूतून एसएचए-२५६ हा हॅश काढा आणि देणाऱ्याने छापलेल्या आकड्याशी ताडून बघा. जुळत नसेल तर पुन्हा डाउनलोड. उबंटू, डेबियनसारख्या लिनक्सची टोरंटही (फाइल तुकड्यातुकड्यांनी उतरवायची सोय) मिळते. तुमची बिघडलेली आयएसओ त्याच नावाने टोरंटच्या फोल्डरमध्ये ठेवून टोरंट प्रोग्रॅममध्ये 'फोर्स रीचेक' द्या, फक्त बिघडलेले तुकडे पुन्हा उतरतील. सबंध ५ जीबी पुन्हा उतरवावे लागत नाहीत.

व्हीएचडीची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या) हार्डडिस्क इमेजची, गोष्ट वेगळी. ती माउंट करून मिळालेल्या ड्राइव्ह अक्षरावर विंडोजचं चेकडिस्क हे दुरुस्तीचं साधन चालवता येतं. मात्र ती वापरणारं व्हर्च्युअल मशीन चालू असताना हे कधीही करू नका.

ओरखडलेल्या डेटा सीडीची इमेज काढायची असेल तर नेहमीचं बर्निंग सॉफ्टवेअर पहिल्या वाईट सेक्टरवर अडकतं. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. मग लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचायचं साधन चालवा, सेक्टरचा आकार २०४८ देऊन. पहिल्या फेरीत सहज वाचता येतं तेवढं वाचू द्या, दुसऱ्या फेरीत तीन प्रयत्न द्या. मॅपफाइलचं नाव न चुकता द्या, काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद तिच्यात असते. तीच मॅपफाइल देऊन सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तर फक्त राहिलेल्या जागा वाचल्या जातात, आणि एका ड्राइव्हला न दिसलेले सेक्टर दुसऱ्याला बऱ्याचदा दिसतात. त्याच सीडीची दुसरी प्रत कुणाकडे असेल तर तीही याच मॅपफाइलवर चालवा.