उजनीकाठच्या नदीसभेची तयारी

मार्च १९९७ मध्ये ब्राझीलमधील कुरितिबा येथे निरनिराळ्या देशांतील धरणग्रस्त एकत्र आले आणि १४ मार्च हा नद्यांसाठीचा कृतिदिन ठरला. सोलापूरकरांनी हा दिवस पाळताना सभा शहरातल्या सभागृहात न घेता भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, पुनर्वसित गावात घ्यावी. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या पाण्याखाली ज्यांची शिवारे गेली त्यांच्या त्यागावर आपल्या नळाला पाणी येते. तेव्हा त्यांना शहरात बोलावण्यापेक्षा आपण त्यांच्या दारी जाणे अधिक रास्त आहे.

तयारीला जानेवारीतच लागावे, कारण माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची असते आणि अपुरे उत्तर आल्यास अपिलालाही वेळ हवा. अर्जात मोजकेच मागावे: मागील पावसाळ्यातील विसर्गाच्या तासवार नोंदी, गावाचे प्रलंबित पुनर्वसन प्रस्ताव, नागरी सुविधांवर झालेला खर्च आणि धरण सुरक्षा कायदा, २०२१ नुसार तयार करावयाचा आपत्कालीन कृती आराखडा.

सर्वांत जास्त वेळ कागदपत्रांना द्यावा. प्रत्येक कुटुंबाचा संपादनापूर्वीचा सातबारा, निवाड्याची प्रत, ‘बारा-दोन’ची (निवाडा झाल्याचे कळवणारी, कलम १२(२) ची) नोटीस, प्रकल्पग्रस्त दाखला, पर्यायी जमिनीसाठी भरलेल्या कब्जेहक्काच्या रकमेची पावती आणि वारस नोंदीचा फेरफार यांची स्वतंत्र फाईल करावी. मागच्या वर्षी एका आजींनी पत्र्याच्या पेटीतून, लुगड्याच्या घडीत जपलेली नोटीस काढून दाखवली. ती घडीवरच फाटली होती आणि नेमका सर्व्हे नंबरचा शेवटचा आकडा त्या फाटीत गेला होता. दुसरी प्रत मिळेपर्यंत त्यांचा अर्ज अडून राहिला. म्हणून असे कागद झेरॉक्सच्या दुकानात न पाठवता घरातच, उजेडात सपाट पसरून त्यांचे फोटो घ्यावेत आणि मूळ कागद त्याच क्षणी परत पेटीत जावा. विधवा व परित्यक्ता यांची नावे जुन्या याद्यांत बहुधा सापडत नाहीत, हे ध्यानात ठेवून त्यांच्या घरी पुन्हा एकदा जावे.

सभेची वेळ मच्छीमारांना विचारून ठरवावी. पहाटे जाळी काढून मासळी बाजाराला लागेपर्यंत त्यांना उसंत नसते, आणि चिलापी (तिलापिया) वाढून जुनी देशी मासळी कशी घटली हे त्यांच्याइतके नेमके कोणीही सांगू शकणार नाही. पलीकडच्या काठावरून माणसे होडीने येणार असतील तर प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट मिळालेच पाहिजे आणि वारा सुटल्यास फेरी थांबवलीच पाहिजे. २१ मे २०२४ रोजी उजनीच्याच पाण्यात कुगावहून पलीकडच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून ६ जणांचा जीव गेला. धरणाने जुने रस्ते बुडवले, पण पलीकडे जाण्याची गरज काही बुडाली नाही.

पाण्याचे नमुने घ्यायचे असल्यास प्रयोगशाळेशी आधी बोलून निर्जंतुक बाटल्या आणाव्यात, नमुने बर्फात ठेवावेत आणि त्याच दिवशी पोहोचवावेत. विरघळलेला प्राणवायू मात्र काठावरच मोजावा. मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी भीमेत आणि तिच्यातून उजनीत येते, त्यामुळे ही नोंद दरवर्षी त्याच जागी घेणे मोलाचे आहे.

धरणाखालच्या गावांतील, विशेषतः पंढरपूरकडील, माणसांनाही बोलवावे. त्यांच्यासाठी एक साधा तक्ता हवा: १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणजे १ लाख क्युसेक सोडले असता सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर. शिवाय नीरा नदी नरसिंहपूरला, म्हणजे उजनीच्या खाली, भीमेला मिळते. त्यामुळे केवळ उजनीचा विसर्ग पाहून भागत नाही, नीरेवरील वीर धरणातून किती सुटले हेही विचारावे लागते. विसर्गाचा निरोप रात्री गावात कोण घेणार, दवंडी कोण देणार आणि नदीपात्रातील मोटारी व गुरे कोण हलवणार, त्यांची नावे सभेतच लिहून घ्यावीत.

जिल्हाधिकाऱ्यांना द्यावयाचे निवेदन आदल्या रात्री आपण लिहून नेऊ नये. सभेत प्रथम विस्थापित बोलतील, मग मच्छीमार, मग खालच्या गावचे लोक, आणि त्यांच्या मागण्या त्यांच्याच शब्दांत, गाव व गट क्रमांकासह उतरवून सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवाव्यात. निवेदन आवक विभागात देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा आणि त्या पोचेची एक प्रत त्याच आठवड्यात प्रत्येक गावात पोहोचवावी.