शहर वाहतुकीवरच्या संशोधनाचा प्रभाव मोजताना

प्लॅनिंगच्या पीएचडीत कधीतरी गाइड सहज सांगून जातात, "या विषयाचं जरा बिब्लिओमेट्रिक्स करून टाक." म्हणजे त्या विषयावरचे पेपर आणि त्यांना मिळालेली सायटेशन्स (इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) मोजून प्रभाव काढायचा. शहर वाहतूक आणि जमीनवापर या विषयात मी हे काम करत आलोय. यात आकडेमोड सगळ्यात सोपी. खरा वेळ जातो कोणते पेपर मोजायचे हे ठरवण्यात.

स्कोपस या संशोधन-लेखांच्या डेटाबेसमध्ये 'लँड यूज' आणि 'ट्रान्सपोर्ट' एवढेच शब्द टाकून बघा. मेट्रो आणि घरांच्या किमतींसोबत नदीतल्या गाळाचे पेपर येतील, शेतातून ओढ्यात वाहून जाणाऱ्या नायट्रोजनचे येतील. गाळ वाहून जातो तोही ट्रान्सपोर्टच! 'ॲक्सेसिबिलिटी' (आपल्या विषयात ठिकाणांपर्यंतची पोहोच) टाकलंत तर अंध व्यक्तींना वेबसाइट वापरता येते का, यावरचं साहित्य हजर. म्हणून सेडिमेंट, न्यूट्रिएंट, रनऑफ असे वगळायचे शब्द आधीच ठरवा. अमेरिकन लोक 'ट्रान्सपोर्टेशन' लिहितात, ब्रिटिश 'ट्रान्सपोर्ट'. शब्दाशेवटी तारांकन दिलं की दोन्ही सापडतात. मग निकालातली शे-दीडशे शीर्षकं स्वतः वाचा, कारण फिल्टर लावूनही बराच कचरा उरतो. शोधवाक्य तारखेसकट लिहून ठेवा, व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ते विचारतात.

इम्पॅक्ट फॅक्टरवर फार वेळ घालवू नका. आधीच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन्स मिळाली, एवढंच तो सांगतो. तो जर्नलचा आकडा आहे, तुमच्या पेपरचा नाही. शिवाय आपल्या विषयाला दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. वॉल्टर हॅन्सन यांचा पोहोच आणि जमीनवापर यांचं नातं मांडणारा लेख 1959 चा, आणि तो आजही सायट होतो. एकेका संशोधकाचा प्रभाव मोजणारा एच-इंडेक्स 2005 मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. प्रत्येकी निदान दहा सायटेशन्स मिळालेले दहा पेपर असतील तर एच दहा. नुकत्याच लागलेल्या माणसाचा तो कमीच असणार, त्यावरून त्याला जोखणं मला पटत नाही.

सायटेशन मिळालं म्हणजे कौतुक झालं, असंही नाही. न्यूमन आणि केनवर्दी या संशोधकांनी 1989 मध्ये एका जर्नलमधल्या लेखात जगभरातल्या शहरांची तुलना करून दाट वस्तीच्या शहरांत माणशी पेट्रोल कमी जळतं, असं मांडलं. त्याच वर्षी, त्याच जर्नलमध्ये गॉर्डन आणि रिचर्डसन त्यांच्यावर तुटून पडले. मोजणीत हा हल्लाही सायटेशनच.

याहून गमतीचं प्रकरण युइंग आणि सर्वेरो यांच्या 2010 च्या मेटा-ॲनालिसिसचं, म्हणजे आधीच्या अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून काढलेल्या हिशोबाचं. त्यांच्या हिशोबात घनता दुप्पट केली तरी गाडीने कापलेलं अंतर फारसं घटत नाही, लवचिकता (घनता एक टक्का वाढली तर अंतर किती टक्के बदलतं) जेमतेम उणे 0.04. गाडीने किती नोकऱ्या आवाक्यात येतात याची मात्र उणे 0.20. तरीही "घनता वाढवा, गाड्या कमी होतील" अशा वाक्याशेवटी हाच संदर्भ डकवलेला दिसला, तर मूळ पेपर उघडा. मी तर पंचवीस-तीस सायट करणारे पेपर काढून संदर्भ ज्या वाक्यात आलाय तेवढं वाक्य वाचतो आणि तीन रकाने करतो: पद्धत वापरली, वाद घातला, नुसता प्रस्तावनेत ढकलला. तिसरा रकाना नेहमीच लांबलचक निघतो.

मराठी नावांची भानगड वेगळीच. 'पाटील एस.' या एका प्रोफाइलखाली काँक्रीटवाले, हृदयरोगवाले आणि तुमचे वाहतूकवाले एकत्र नांदू शकतात. उलट, एकाच बाईंचे पेपर माहेरच्या आडनावाने, सासरच्या आडनावाने, वडिलांचं आद्याक्षर लावून, न लावून असे विखुरतात. कोणाचाही एच-इंडेक्स लिहिण्याआधी पेपरांची यादी उघडून संस्था आणि सहलेखक ताडून बघा. स्वतःचा ऑर्किड क्रमांक (संशोधकाची कायमची ओळख) पहिल्या पेपरआधीच काढा, फुकट मिळतो.

धोरणावरचा प्रभाव स्कोपसमध्ये शोधू नका. त्यासाठी महापालिकांचे मोबिलिटी आराखडे आणि मंत्रालयांच्या समित्यांचे अहवाल पीडीएफमध्ये उघडून लेखकाचं आडनाव शोधावं लागतं. काम कंटाळवाणं आहे, आणि संदर्भसूची असेलच याची खात्री नसते. पण गाइडला सर्वांत आवडतो तो हाच तक्ता.

कॉलेजकडे स्कोपस नसेल तर अडून बसू नका. ओपनॲलेक्स हा तसाच डेटाबेस मोफत आहे, आणि लायडन विद्यापीठाच्या मंडळींचं व्हीओएसव्ह्यूअर हे सॉफ्टवेअर त्यातला डेटा घेऊन सहलेखकांचे नकाशे काढून देतं. त्याचे रंगीत गोळे सेमिनारमध्ये छान दिसतात. त्यांचा अर्थ विचारला तर काय सांगायचं, ते मात्र आधी ठरवून जा.