घरच्या कॉम्प्युटरला विकतचा अँटिव्हायरस लागतो का?

विंडोज ११ असलेल्या घरच्या कॉम्प्युटरला विकतचा अँटिव्हायरस लागत नाही. विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर पुरतो. अट एवढीच की तो खरोखर चालू हवा, विंडोजचे अपडेट नियमित यायला हवेत आणि फोटो-कागदपत्रांची एक प्रत कॉम्प्युटरच्या बाहेर हवी. या तीनपैकी एक जरी गोष्ट धड नसेल तर दरवर्षी लायसन्स रिन्यू करूनही उपयोग नाही.

मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस कामाचा नाही, हा समज विंडोज ७ च्या काळातला आहे आणि तेव्हा तो बरोबर होता. जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या प्रयोगशाळेच्या चाचण्यांमध्ये मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस तळाला असायचा. आता त्याच चाचण्यांमध्ये डिफेंडरला संरक्षणासाठी बहुतेक वेळा सहापैकी सहा गुण मिळतात. त्याची एक कमजोरी मात्र लक्षात ठेवा. नवीन फाइल ओळखताना तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरची बरीच मदत घेतो, त्यामुळे नेट नसताना त्याची पकड सैल होते. निफाड किंवा दिंडोरीकडे मळ्यात राहत असाल आणि घरात वायफायचं नेट नसेल, तर अनोळखी पेन ड्राइव्ह उघडण्याआधी मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि मगच स्कॅन करा.

आधी बघा, राखणीला कोण आहे

स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ टाइप करून ते उघडा. खाली डावीकडे सेटिंग्ज आहे, त्यात ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ दाबा. अँटिव्हायरसच्या खाली कोणाचं नाव आहे ते वाचा. अनेक घरांत तिथे लॅपटॉपसोबत आलेल्या ट्रायलचं किंवा दोन वर्षांपूर्वी दुकानातून टाकून घेतलेल्या पॅकेजचं नाव निघतं, आणि त्याची मुदत कधीच संपलेली असते. दुसरा अँटिव्हायरस असला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो. मुदत संपल्यावर तो पुन्हा चालू व्हायला हवा, पण कधीकधी जुनं पॅकेज जागा अडवून बसतं आणि नवीन व्हायरसची माहिती मात्र त्याला मिळत नाही. काहीच नसण्यापेक्षा ही स्थिती वाईट, कारण खालच्या पट्टीत चिन्ह दिसत असल्यामुळे घरचे निर्धास्त असतात.

ते काढायला सेटिंग्ज, अॅप्स, इन्स्टॉल्ड अॅप्स या वाटेने जा, नावापुढचे तीन ठिपके दाबा आणि अनइन्स्टॉल करा. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. ही पायरी गाळली तर डिफेंडर बऱ्याचदा जागा होत नाही. रीस्टार्टनंतरही जुनं नाव दिसत असेल तर काही फायली मागे राहिल्यात. त्यासाठी कंपन्यांनी स्वतःची सफाईची साधनं दिली आहेत: मॅकॅफीचं ‘एमसीपीआर’, अवास्टचं ‘अवास्ट क्लिअर’. ती त्या त्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका.

दोन अँटिव्हायरस एकत्र चालवले तर संरक्षण दुप्पट होत नाही. दोघंही तीच फाइल एकाच वेळी तपासायला धरतात आणि कॉम्प्युटर रखडतो. चार जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर एकट्या डिफेंडरचं स्कॅनही जड जातं. त्यावरचा इलाज एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) टाकणं हा आहे, डिफेंडर बंद करणं हा नाही.

एक्स्क्लूजन्सची यादी: इथेच चोरवाट असते

विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडा आणि ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये जा. रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन, ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशन आणि टॅम्पर प्रोटेक्शन ही चारही बटणं चालू हवीत.

त्याच पानावर खाली ‘एक्स्क्लूजन्स’ आहे. ती यादी जरूर उघडा. हे फोल्डर तपासू नको, असं डिफेंडरला सांगणारी ही यादी आहे आणि घरच्या कॉम्प्युटरवर ती रिकामीच असायला हवी. विंडोज फुकट ‘अॅक्टिव्हेट’ करणारे क्रॅक इथे स्वतःचं नाव घालून ठेवतात, काही तर अख्खा सी ड्राइव्ह घालतात. मग डिफेंडर हिरवी खूण दाखवत राहतो, पण बघत काहीच नाही. अशी नोंद दिसली तर काढून टाका आणि लगेच ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस (ऑफलाइन स्कॅन)’ निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते आणि साधारण १५ मिनिटं लागतात. डेस्कटॉपला इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर लाइट जाण्याच्या वेळेत हे करू नका.

बटणं करडी दिसत असतील आणि वर ‘ही सेटिंग तुमचा अॅडमिनिस्ट्रेटर सांभाळतो’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल, तर थांबा. घरच्या कॉम्प्युटरला असा अॅडमिनिस्ट्रेटर नसतो. बहुधा एकतर कोणीतरी क्रॅकसाठी डिफेंडर मुळापासून बंद केलाय, नाहीतर व्हायरसने केलाय. अशा वेळी डेटा बाहेर काढून विंडोज नव्याने टाकणं हाच भरवशाचा मार्ग.

पुढे ‘अॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन सेटिंग्ज’ उघडा आणि ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड अॅप ब्लॉकिंग’ चालू करा, त्यातले दोन्ही चौकोन टिक करा. फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरसोबत गुपचूप येणारे टूलबार आणि ‘पीसी क्लीनर’ यामुळे अडतात.

डी ड्राइव्ह उघडा राहतो

फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या रॅन्समवेअरसाठी डिफेंडरमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस’ आहे, पण तो मुळात बंद असतो. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या पानावर अगदी खाली ‘मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मध्ये तो चालू करा. तो डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक, फेव्हरिट्स ही ठरलेली फोल्डर्सच राखतो. आपल्याकडे तर लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, मुलांचे दाखले सगळं डी ड्राइव्हवर ठेवायची पद्धत. त्यामुळे ‘प्रोटेक्टेड फोल्डर्स’मध्ये जाऊन ती फोल्डर्स एकेक करून स्वतः जोडा.

हे चालू केल्यावर एखादं जुनं डीटीपीचं किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर फाइल सेव्ह करू देत नाही आणि कोपऱ्यात ‘अनऑथराइज्ड चेंजेस ब्लॉक्ड’ असं येतं. गोंधळून सगळंच बंद करू नका. ‘अलाउ अॅन अॅप थ्रू कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस’मध्ये ‘रीसेंटली ब्लॉक्ड अॅप्स’ दाबा आणि तेवढ्या एका सॉफ्टवेअरला परवानगी द्या.

मुलांसाठी वेगळं ‘स्टँडर्ड’ खातं उघडणं हेही तितकंच मोलाचं. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथून ते होतं. मग गेमसोबत आलेलं काहीही अॅडमिनच्या पासवर्डशिवाय पूर्ण कॉम्प्युटरभर बसू शकत नाही.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह

मुक्त विद्यापीठाचे प्रोजेक्ट असोत की नोकरीचे अर्ज, प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह दुकानात जातोच, आणि तिथल्या कॉम्प्युटरला दिवसभर अनेकांचे पेन ड्राइव्ह लागतात. घरी आल्यावर पेन ड्राइव्हमध्ये फोल्डर दिसतं, पण त्याच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो. हाच शॉर्टकट व्हायरस. त्याने खरं फोल्डर लपवून त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवलेला असतो. डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि पाठोपाठ तुमचं खरं फोल्डरही उघडतं, म्हणून शंकाच येत नाही.

बाण दिसला तर क्लिक करू नका. ‘धिस पीसी’मध्ये पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ निवडा. व्हायरस निघेल, तरी फायली लपलेल्याच राहतील, आणि इथेच लोक डेटा गेला म्हणून पेन ड्राइव्हला फॉरमॅट मारतात. डेटा गेलेला नसतो. फाइल एक्सप्लोररच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘व्ह्यू’ टॅब उघडा, ‘शो हिडन फाइल्स’ निवडा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरची टिक काढा. खरं फोल्डर फिकट रंगात दिसू लागेल. त्यातल्या फक्त ओळखीच्या फायली कॉम्प्युटरवर घ्या, पुन्हा स्कॅन करा, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा आणि ती टिक परत लावा. ‘हाइड एक्स्टेन्शन्स’वरची टिक मात्र कायमची काढून टाका, म्हणजे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ असा, प्रोग्रॅमला पीडीएफ भासवणारा बनाव नावातच उघडा पडतो.

शक्य असेल तिथे पेन ड्राइव्ह नेऊच नका. दुकानदाराला फाइल मेल केली तर घरी परत काही येत नाही.

‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत’

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात नामांकित अँटिव्हायरसचं चिन्ह आणि ‘मुदत संपली, लगेच रिन्यू करा’ असं सतत येत असेल आणि तो अँटिव्हायरस तुम्ही कधी टाकलेलाच नसेल, तर ती बहुधा ब्राउझरची नोटिफिकेशन आहे. कुठल्यातरी साइटवर ‘अलाउ’ दाबलं गेलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा आणि परवानगी मिळालेल्या अनोळखी साइट काढून टाका. यासाठी एक रुपयाही खर्च करायची गरज नाही.

अँटिव्हायरस विकतचा असो की फुकटचा, काही फसवणुकी त्याच्या कक्षेतच येत नाहीत. ‘आज रात्री वीज कापणार’ असा मेसेज पाठवून फोनवर एनीडेस्क (दुसऱ्याला तुमचा फोन दुरून बघू देणारं अॅप) टाकायला लावणारा माणूस तुमच्याच हाताने परवानगी घेतो. व्हॉट्सअॅपवर ‘लग्नपत्रिका.एपीके’ किंवा ‘चलान.एपीके’ येतं ते फोनवर, आणि त्यात कॉम्प्युटरचा अँटिव्हायरस काहीच करू शकत नाही. एपीके म्हणजे फोनवर अॅप बसवणारी फाइल, पत्रिका कधीच एपीके नसते. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन लावा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते.

विंडोज १० असेल तर

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा कॉम्प्युटरवर विकतचा अँटिव्हायरस टाकून काम भागेल, असं सांगितलं जातं. ते खरं नाही. अँटिव्हायरस विंडोजमधली भोकं बुजवत नाही, ती अपडेटच बुजवतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा ते भोक बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आलेला होता.

प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तर विंडोज ११ फुकट घ्या. नसेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’साठी नोंदणी करा. घरगुती वापरासाठी हे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाले आहेत आणि मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे पडत नाहीत. त्यानंतर त्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाका, चार जीबी रॅमवर ते नीट चालतं.

विकत घ्यावा असं कोणी

घरच्याच कॉम्प्युटरवर धंद्याचा हिशेब, गिऱ्हाइकांचे पॅन आणि जीएसटीचे कागद असतील, किंवा नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या छोट्या युनिटचे चार-पाच कॉम्प्युटर एकत्र सांभाळायचे असतील, तर पैसे टाकणं रास्त आहे. तेव्हा एकाच जागेवरून सगळे कॉम्प्युटर दाखवणारं बिझनेस पॅकेज घ्या. घरगुती लायसन्स धंद्यात चालत नाही, अट वाचून घ्या. घरात ज्येष्ठ मंडळीच असतील आणि अडचणीला फोनवर मराठीत बोलणारा माणूस हवा असेल, तर त्या सेवेसाठी पैसे देण्यातही चूक नाही. मात्र घेण्याआधी त्या नंबरवर एकदा फोन करून बघा.

घ्यायचाच तर साधा अँटिव्हायरस घ्या. ‘टोटल’ पॅकेजमधले व्हीपीएन आणि ट्यूनर घरात क्वचितच वापरले जातात. पहिल्या वर्षाची सवलत आणि दुसऱ्या वर्षाची किंमत यांत बराच फरक असतो, म्हणून ऑटो-रिन्यूअल पहिल्याच दिवशी बंद करा. फुकटच्या पॅकेजबद्दलही सावध राहा. वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती विकल्याच्या प्रकरणात २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

रिन्यूअलचे वाचलेले पैसे एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये घाला. महिन्यातून एकदा डिस्क जोडा, कॉपी करा आणि काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर कॉम्प्युटरसोबतच कुलूपबंद करतो.

फायली कुलूपबंद झाल्याच तर

वायफाय बंद करा, केबल काढा, जोडलेल्या डिस्क काढा. फायलींची नावं डोळ्यांदेखत बदलत असतील तर पॉवर बटण दाबून धरून कॉम्प्युटर बंद करा. क्रॅक सॉफ्टवेअरमधून पसरणारा ‘स्टॉप’ हा रॅन्समवेअर जवळपास हजार डॉलर मागतो आणि ७२ तासांत भरले तर निम्मे सांगतो. त्या घाईला बळी पडू नका, पैसे देऊन फायली मिळतीलच याची हमी नाही. युरोपोलच्या पुढाकारातली ‘नो मोअर रॅन्सम’ ही साइट तुमच्या प्रकाराची चावी उपलब्ध आहे का ते फुकट सांगते. आज नसली तरी कुलूपबंद फायली जपून ठेवा, चाव्या कधीकधी पुढे सापडतात. मग विंडोज नव्याने टाका, आणि बँक व मेलचे पासवर्ड फोनवरून बदला. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्डही त्याच वेळी चोरीला गेले असू शकतात, म्हणून मेलच्या सेटिंग्जमधून बाकी सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट करा.